आई आणि मुलगा मिळून एकच मॉनिटर: २४ इंची २४० हर्ट्झ की २७ इंची १४४०पी?

मुद्रितवाचक, इंदूर

नमस्कार मंडळी. आठ दिवस घरात जेवताना हाच एक विषय चालू आहे, म्हणून शेवटी धागा काढला.

मी रामबागेत राहते. घरूनच मराठी डीटीपी आणि मुद्रितशोधन करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, आणि श्रावण लागला की दिवाळी अंकांची पानं. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवले आणि स्वतःच्या हाताने पीसी जुळवला. रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड (हे वापरलेलं घेतलं, १२ जीबीवालं). मॉनिटर मात्र माझाच, १९ इंची, ६० हर्ट्झचा, बारा वर्षांचा. दिवसभर त्यावर मी काम करते, रात्री नऊनंतर तो व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो.

यंदाच्या अंकांचे पैसे हातात आलेत. बजेट २२ हजार, ताणलं तर २४. त्याला २४ इंची, १०८०पी, २४० हर्ट्झ हवा आहे. मला अक्षर मोठं आणि स्वच्छ हवं आहे, संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायला लागतात. एका दुकानात गेलो होतो. तिथे म्हणाले, २७ इंची १०८०पी, १६५ हर्ट्झचा घ्या, दोघांचंही भागेल. १४ हजारांत मिळतोय. दुकानात तो दिसतही होता छान. पण मुलगा म्हणतो घेऊ नको, आणि का ते मला पटेल असं त्याला सांगता येत नाही.

टेबल भिंतीला लावलेलं आहे, ६० सेंमी खोल. खुर्ची फार मागे नेता येत नाही, मागे पलंग आहे.

सुदामानगरकर, इंदूर

ताई, मुलाचं ऐका. २७ इंचीत १०८०पी घेऊ नका. कारण मी सांगतो, आणि तुमच्याच कामातलं सांगतो.

१०८०पी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. पडदा २४ इंची असो की २७ इंची, ठिपके तेवढेच. पडदा मोठा झाला की ठिपका मोठा होतो. २४ इंचीत एक ठिपका साधारण ०.२७ मिमीचा, २७ इंचीत ०.३१ मिमीचा. २७ इंचीत १४४०पी घेतलात, म्हणजे २५६० गुणिले १४४०, तर तोच ठिपका ०.२३ मिमीवर येतो.

आता दुकानात छान का दिसला ते. निरोगी डोळ्याला एका अंशाचा साठावा भाग एवढा बारकावा वेगळा दिसतो. त्या हिशेबाने ०.३१ मिमीचा ठिपका साधारण १०७ सेंमीवरून दिसेनासा होतो. दुकानात तुम्ही काउंटरच्या अलीकडे उभ्या होतात आणि मॉनिटर मागच्या फळीवर. चार-पाच फूट अंतर सहज पडलं असेल. घरी ६० सेंमीच्या टेबलावर स्टँडच १८-२० सेंमी जागा खाणार. डोळा आणि पडदा यांत ६०-६५ सेंमी राहतील. तिथून तो ठिपका दिसतो. १४४०पीचा ठिपका साधारण ८० सेंमीवर मावळतो, म्हणजे तोही तुम्हाला अगदी शून्य दिसणार नाही, पण फरक खूप आहे.

आपल्या लिपीत हा प्रश्न इंग्रजीपेक्षा जास्त बोचतो. १२ पॉइंटचं अक्षर शंभर टक्क्यांवर पडद्यावर १६ ठिपके उंच असतं. त्यात शिरोरेघेच्या वर उरतात चारेक. 'मूर्तींना' हा शब्द घ्या. त्या 'र्तीं'वर वेलांटी आहे, रफार आहे आणि अनुस्वारही आहे. चार ठिपक्यांत तिघांनी बसायचं. विंडोज कडा करड्या करून कसंबसं बसवतं, आणि तुम्ही मुद्रितं वाचताना अनुस्वार आहे की नाही हे पाहायला दर वेळी मोठं करून बघता. डोळे चुरचुरतात त्यात याचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे. मीही भाषांतराचं काम करतो, अनुभवातून सांगतोय.

२७ इंची १४४०पीवर विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के ठेवा. अक्षर २४ इंचीवरच्या अक्षरापेक्षा थोडं मोठं दिसेल, आणि ते रेखायला ठिपके दीडपट मिळतील.

लष्कर_ग्वाल्हेर

काकू, अक्षराचं दादांनी सांगितलं ते खरं आहे. पण खेळणाऱ्याची बाजूही मांडतो, कारण मी कॉलेजच्या टीमकडून व्हॅलोरंट आणि सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) दोन्ही खेळलोय.

२४ इंची लोक हौसेने घेत नाहीत. ६० सेंमीवरून २४ इंचीचा पूर्ण पडदा मान न हलवता नजरेत मावतो. कोपऱ्यातला नकाशा आणि मधला नेम एकाच वेळी दिसतात. स्पर्धेच्या ठिकाणी बहुतेक वेळा २४-२५ इंचीच मांडलेले असतात, म्हणून सरावही त्यावर केलेला बरा. शिवाय १०८०पीला कार्डावर ओझं कमी. ठिपक्यांचा हिशेब केलात तर १०८०पीत सुमारे २०.७ लाख, १४४०पीत ३६.९ लाख, ४केत (३८४० गुणिले २१६०) ८२.९ लाख. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे प्रत्येक चित्राला, कार्डाने तेवढे रंगवायचे असतात.

भाऊ किती गंभीरपणे खेळतो त्यावर ठरवा. टीममध्ये असेल तर मी २४० म्हणेन.

सुदामानगरकर, इंदूर

ग्वाल्हेरकर भाऊ, नजरेत मावण्याचा मुद्दा बरोबर आहे. २७ इंची जवळजवळ ६० सेंमी रुंद, २४ इंची ५३. फरक आहेच.

पण हर्ट्झचा हिशेब मिलिसेकंदात करून बघा. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. १४४ ला ६.९, १८० ला ५.६, २४० ला ४.२. म्हणजे ताईंच्या घरी १४४०पीचा १८० हर्ट्झवाला आणून ६० वरून १८० वर गेलं की दर चित्रामागे ११ मिलिसेकंद वाचतात. १८० वरून २४० वर गेलं की वाचतात १.४. आकडा साठने वाढला, पण हाती दीडसुद्धा लागला नाही. पहिली उडी कुणालाही दिसते, माऊसचा बाण गोल फिरवला तरी कळते. दुसरी उडी कळायला हात खूप तयार असावा लागतो.

धूसरपणाचंही तेच. सेकंदाला ९६० ठिपके या वेगाने सरकणारी गोष्ट ६० हर्ट्झवर डोळ्याला १६ ठिपके पसरलेली दिसते, १८० वर पाचेक, २४० वर ४. ताई, तुम्ही पान सरकवत मजकूर वाचता तेव्हा ओळी विस्कटतात ना? ते हेच. जास्त हर्ट्झ फक्त खेळणाऱ्याला लागतात असं नाही.

कार्डाचं म्हणाल तर ३०६० माझ्याकडेही आहे. व्हॅलोरंट हलका गेम आहे, तो कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त भिस्त ठेवतो. १४४०पीला दोनशेच्या वर फ्रेम सहज येतात. जड गेम १४४०पीला मध्यम सेटिंग आणि डीएलएसएस (चित्र कमी ठिपक्यांत रंगवून मग मोठं करणारी एनव्हीडियाची सोय) लावून ६० ते ९० मध्ये चालतात, तेवढ्यात माझं समाधान होतं. ४केचा विचार मात्र या कार्डावर करू नका.

बडोदेकर

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझा प्रश्न पीएस५चा, म्हणजे प्लेस्टेशन ५ या गेमिंग कन्सोलचा आहे. दांडिया बाजारात मला २७ इंची १४४०पी १८० हर्ट्झचा चांगल्या भावात मिळतोय. कन्सोलला चालेल?

सुदामानगरकर, इंदूर

चालेल. पीएस५ला १४४०पीची सोय सप्टेंबर २०२२ च्या अपडेटपासून आहे. पण कन्सोल १२० हर्ट्झच्या वर जात नाही, म्हणून १८० साठी वेगळे पैसे मोजू नका. व्हीआरआर (पडद्याने गेमच्या वेगाप्रमाणे आपला हर्ट्झ कमी-जास्त करणं) हवा असेल तर मॉनिटरला एचडीएमआय २.१ आहे का ते विचारा, पीएस५ व्हीआरआर त्यावरूनच देतं.

राजवाडा_ते_सराफा

ताई, पॅनेलकडेही बघा, म्हणजे पडदा व्हीए जातीचा आहे की आयपीएस. मी दोन वर्षांपूर्वी वक्र व्हीए घेतला. काळा रंग सुंदर, कॉन्ट्रास्ट (पांढरं काळ्याच्या किती पट उजळ) ३००० ला १ च्या घरात, आयपीएसचा साधारण १००० ला १ असतो. रात्री सिनेमाला मजा येते. पण गेममध्ये अंधाऱ्या बोळातून कुणी पळालं की मागे काळी शेपूट ओढल्यासारखी दिसते. गडद रंगातून गडद रंगात जायला व्हीएला वेळ लागतो. आणि वक्र पडद्यावर पानाची चौकट आखायला बसलात तर सरळ रेघ सरळ आहे की नाही अशी शंका येत राहील. डीटीपीला सपाट आयपीएसच घ्या, एसआरजीबी (पडद्यावरच्या रंगांचा ठरलेला पल्ला) ९९ टक्क्यांच्या आसपास असलेला. लग्नपत्रिकेतला कुंकवाचा लाल छापून वेगळाच आला की गिऱ्हाईक आपल्याला धरतं.

खोक्यावरच्या '१ एमएस'वर जाऊ नका. कुणी ते जीटीजी (ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ) मोजतं, कुणी एमपीआरटी (हलतं चित्र डोळ्याला किती वेळ धूसर दिसतं ते), दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. जीटीजीचा १ सुद्धा ओव्हरड्राइव्ह (ठिपक्याला जोर देऊन रंग लवकर बदलायची सेटिंग) टोकाला नेऊन काढलेला असतो. तो तिथे ठेवला की हलत्या वस्तूमागे उलटी, उजळ सावली दिसते. ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर ठेवायचा. 'एचडीआर ४००' (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवतो असा शिक्का) लिहिलेलं असेल तर त्याचेही वेगळे पैसे देऊ नका. त्यात पडद्याचे भाग स्वतंत्रपणे मंद करायची सक्तीच नाही.

अन्नपूर्णारोड

ओलेडचा, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो त्या पडद्याचा विचार?

राजवाडा_ते_सराफा

बजेटच्या बाहेर आहे. आणि ताईंच्या पडद्यावर दिवसभर तीच टूलपट्टी, तेच पांढरं पान. ओलेडला तसं स्थिर चित्र जपावं लागतं, छाप पडते. अक्षरांच्या कडेला रंगाची झालरही येते.

मुद्रितवाचक, इंदूर

आईच्या खात्यावरून मी लिहितोय, मुलगा. सगळ्यांचे आभार. लष्करवाल्या दादांना सांगायचं म्हणजे मी टीममध्ये नाही. व्हॅलोरंटच्या गोल्ड श्रेणीत अडकलोय आणि परीक्षेच्या आधी महिनाभर खेळतच नाही. २४० का हवा होता, तर ज्यांचे व्हिडिओ बघतो त्या सगळ्यांकडे तोच असतो म्हणून. ११ आणि १.४ चा हिशेब मी कागदावर करून बघितला, बरोबर आहे. शिवाय दिवसाचे आठ तास आई त्या पडद्यासमोर असते आणि मी दीड तास. हा विचार मी आधी केलाच नव्हता.

एकच शंका. फ्रेम कमी-जास्त झाल्या तर चित्र फाटतं, म्हणजे त्याचे वरचे-खालचे भाग जुळत नाहीत ना? आमच्या बजेटमधले फ्रीसिंकवाले (ते फाटणं थांबवणारी एएमडीची सोय) आहेत, कार्ड एनव्हीडियाचं आहे.

लष्कर_ग्वाल्हेर

मग भावा १४४०पी १८० घे, माझंही मत बदललं. गोल्डमधून वर यायला ६० वरून १८० ची उडी पुरेशी आहे, पुढचं काम सरावाचं.

चित्र फाटण्याचं: जानेवारी २०१९ च्या ड्रायव्हरपासून एनव्हीडियाची कार्डं अडॅप्टिव्ह सिंकवाले (फ्रीसिंक त्यातलंच) मॉनिटर चालवतात. डिस्प्लेपोर्टची केबल लाव आणि एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक (एनव्हीडियाची तीच सोय) चालू कर. मॉनिटर मग कार्डाच्या फ्रेमची वाट बघून चित्र बदलतो. फ्रेमची मर्यादा १८० च्या किंचित खाली, १७५ च्या आसपास बांध.

अन्नपूर्णारोड

सप्टेंबरात मॉनिटरवरचा जीएसटी उतरला असं वाचलं होतं. दुकानदाराकडे घासाघीस करता येईल का?

सुदामानगरकर, इंदूर

२२ सप्टेंबर २०२५ ला २८ वरून १८ टक्के झाला तो ३२ इंचांपेक्षा मोठ्या पडद्यांवरचा. ३२ इंचांपर्यंत जानेवारी २०१९ पासूनच १८ आहे. २७ इंचीला त्याने काही फरक पडत नाही. घासाघीस मात्र जरूर करा.

ताई, खरेदीला जाताना तीन गोष्टी बरोबर न्या. मोजपट्टी, पेनड्राइव्हमध्ये तुमच्या अंकाच्या पानाची पीडीएफ, आणि पूर्ण काळं, पूर्ण पांढरं, लाल, हिरवं, निळं अशी पाच चित्रं. खुर्ची मागा आणि ६५ सेंमीवर बसून बघा. उभ्याने बघू नका. मेलेला किंवा अडकलेला ठिपका तिथेच शोधा. बरेच उत्पादक एखाद्या ठिपक्यावर मॉनिटर बदलून देत नाहीत, मर्यादा ठरवून ठेवतात. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

मुद्रितवाचक, इंदूर

आम्ही काल जाऊन आलो. सविस्तर लिहिते, पुढच्यांच्या उपयोगी पडेल.

सकाळी पोहे खाऊन आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला गेलो. तीन दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने मोजपट्टी बघितली आणि काही न विचारता स्टूल आणून दिलं. शेजारी शेजारी दोन मॉनिटर लावून दिले, २७ इंची १०८०पी आणि २७ इंची १४४०पी, दोन्ही आयपीएस. मी डोळ्यापासून पडद्यापर्यंत ६५ सेंमी मोजले आणि माझ्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचं पान उघडलं, १० पॉइंटचा मजकूर.

१०८०पीवर 'मूर्तींना'चा अनुस्वार रफाराला चिकटलेला. दोन्हींचा मिळून एक करडा ठिपका. 'सर्वांना' आणि 'सर्वाना' यांतला फरक कळायला मला पुढे वाकावं लागलं, आणि हे दिवसाकाठी मी किती वेळा करते ते तिथे बसल्यावर लक्षात आलं. १४४०पीवर रफाराची कमान वेगळी आणि अनुस्वार वेगळा, मध्ये पांढरी जागा. आकार दोन्हीकडे जवळजवळ सारखाच ठेवला होता, १२५ टक्के करून. मी वाकले नाही. तिथेच ठरलं.

मुलाने काळं चित्र लावलं. उजव्या खालच्या कोपऱ्यात पिवळसर उजेड होता, पण जरा समोर सरकून बसल्यावर कमी झाला, म्हणजे आयपीएसचा नेहमीचा. लाल चित्रावर मात्र डावीकडे एक निळा ठिपका सापडला. दुकानातल्या मुलाने न कुरकुरता दुसरं खोकं फोडलं, ते स्वच्छ निघालं. २७ इंची, १४४०पी, १८० हर्ट्झ, उंची कमी-जास्त होणारा स्टँड, २१,३०० रुपये. सीरियल नंबर बिलावर लिहून दिला.

आता अडचण. घरी लावला, अक्षर सुंदर दिसतंय. पण मुलगा म्हणतो, खेळताना काहीच फरक वाटत नाही. रात्री नाराज होऊन झोपला. मला वाईट वाटलं, कारण त्याने माझ्यासाठी आपला हट्ट सोडला होता. मॉनिटर परत न्यावा का?

लष्कर_ग्वाल्हेर

काकू, परत अजिबात नेऊ नका! विंडोज नवीन मॉनिटर बहुतेक वेळा ६० हर्ट्झवरच चालू करतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेट काय दाखवतंय ते सांगा. आणि केबल कोणती लावली आहे?

मुद्रितवाचक, इंदूर

६० दाखवतंय. यादीत जास्तीत जास्त १४४ आहे, १८० नाहीच. केबल एचडीएमआय, घरातलीच होती.

लष्कर_ग्वाल्हेर

तेच झालं. बऱ्याच मॉनिटरांचं एचडीएमआय २.० चं असतं, १४४०पीला ते १४४ पर्यंतच जातं. खोक्यात डिस्प्लेपोर्टची केबल असेल, एका कोपऱ्याला तिरका काप असलेली. ती कार्डाला लावा आणि मग १८० निवडा.

मुद्रितवाचक, इंदूर

होती, खोक्याच्या तळाशी, पिशवीतच राहिली होती. लावली. यादीत १८० आला. मुलाने माऊस गोल फिरवला, आणि नुसतं "आई, बघ" म्हणाला. मलाही दिसलं. ६० वर बाणाचे चार-पाच तुकडे विखुरलेले दिसायचे, आता एक सलग रेघ उमटते. मग मी माझं पान उघडून सरकवलं. ओळी हलत असताना वाचता येतात! चाळीस पानांची स्मरणिका मी आज पान न थांबवता चाळली आणि दोन ऱ्हस्व-दीर्घ चालू पानावर पकडले.

आता जुना १९ इंची उभा करून शेजारी लावायचा विचार आहे, म्हणजे एका बाजूला मूळ हस्तलिखित ठेवता येईल. त्याला फक्त व्हीजीएची जुनी जोडणी आहे आणि कार्डाला तसं भोकच नाही. काही उपाय?

राजवाडा_ते_सराफा

एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या. नुसती केबल चालणार नाही, आत चिप असलेला हवा. आणि उभा करायला टेबलाला आवळायचा आर्म लागेल. जुन्याच्या पाठीवर चार स्क्रूंची भोकं आहेत का बघा, एकमेकांपासून १०० मिमीवर. ७५ असली तरी बहुतेक आर्मना चालतात.

मुद्रितवाचक, इंदूर

आहेत. मोजली, १०० आहेत. उद्या परत सिल्व्हर मॉल.